उजव्या हाताची पावलं

आषाढातल्या एका सकाळी भाऊ परसातली दोडकी बघायला म्हणून निघाले आणि चिऱ्याच्या तिसऱ्या पायरीवरच्या शेवाळानं त्यांना तिथंच बसवलं. आमच्या खारेपाटणात पावसाळ्यात माणूस घसरून पडणं ही काही बातमी नव्हे. जांभ्याची पायरी, वर महिनाभराचा पाऊस, आणि पायात टाच झिजलेली स्लीपर, एवढ्या तिघांनी ठरवलं की मग माणसाच्या हातात काही राहत नाही. भाऊंच्या हातात एक दोडकं तेवढं राहिलं, तेही डाव्या. उजवा हात त्यांनी पडताना पुढे टेकला होता. पंच्याहत्तर किलोचा ऐवज एका मनगटावर आला आणि मनगटानं हात वर केले.

कणकवलीला नेलं, फोटो काढला. आमच्याकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात, आणि भाऊंचं त्या फोटोवरचं प्रेम बघता तोच शब्द बरोबर आहे. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, ‘कॉलिस फ्रॅक्चर. हाड बसवून प्लास्टर घालू, सहा आठवड्यांत जुळेल. प्लेट घालायची काही गरज नाही.’

इथं भाऊंचा चेहरा उतरला. खारेपाटणच्या माणसाला प्लेट या शब्दाचं जरा जास्तच अगत्य. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट आमच्या गावचा. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत तो ‘खारेपाटण प्लेट्स’ म्हणूनच ओळखला जातो. आमच्या शेजारच्या पोंभुर्ल्याचे, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तो वाचून छापला. शिलाहारांची वंशावळ त्यात आहेच, वर त्यांच्या धन्यांची, राष्ट्रकूटांचीही आहे. ज्या गावची प्लेट हजार वर्षं टिकली त्या गावच्या माणसाला प्लेट नाकारून परत धाडायचं म्हणजे काय? परतीच्या गाडीत भाऊ एकच वाक्य बोलले, ‘डॉक्टरान माका नुसतो चुनो लावल्यान.’

कॉलिसनं मात्र त्यांना हात दिला. हे कॉलिस डब्लिनचे एक सर्जन. मनगटाच्या ह्या मोडीचं वर्णन त्यांनी १८१४ साली लिहिलं आणि रोंटगेनला क्ष-किरण सापडले १८९५ साली. म्हणजे फोटो निघायच्या एक्याऐंशी वर्षं आधी माणसानं नुसतं चाचपून हाड कुठं मोडलं ते सांगितलं. भाऊंच्या मुलानं डोंबिवलीहून फोनवर ही माहिती पुरवली आणि ती भाऊंना फार लागू पडली. त्या दिवसापासून ते ‘हात मोडलो’ म्हणायचे बंद झाले. ‘माका कॉलिस झालो,’ म्हणायला लागले. एखाद्याला बढती व्हावी तसं.

आता एक खरं सांगतो. भाऊंनी त्यांच्या साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात व्यायाम असा केलेला नव्हता. शाळेत ड्रिलचा तास असे तेव्हा ते पाणी आणायला जायचे. पुढे पोटासाठी जेवढं हलावं लागलं तेवढे हलले आणि रिटायर झाल्यावर तेही बंद केलं. पडवीतली खुर्ची, तिथून बाजार, बाजारातून पेपर, आणि परत खुर्ची. ह्या माणसाला हात मोडल्यावर व्यायामाचं वेड लागलं, आणि त्याचं कारण आहे लुंगी.

लुंगीची गाठ ही दोन हातांची गोष्ट. ती एका हातानं मारता येते, पण मग ती गाठ राहत नाही, नुसता समज राहतो. प्लास्टर घातल्याच्या चौथ्या दिवशी भाऊ पेपर आणायला निघाले. उजवा हात झोळीत, झोळीवर पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी, डाव्या हातात छत्री. एस.टी. स्टँडपर्यंत ठीक गेलं. तिथं वाऱ्याची एक झड आली, छत्री उलटी व्हायला लागली, आणि त्याच मुहूर्तावर कमरेचा समज दूर झाला. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. भाऊ गुडघे एकमेकांना चिकटवून, छत्री न सोडता, कोपरानं कंबर दाबून नदीतल्या बगळ्यासारखे उभे होते आणि अगदी शांत आवाजात, ओठ न हलवता मला सांगत होते, ‘बेगीन ये रे. पण धावा नको, लोक बघतीत.’

त्या संध्याकाळी वयनींनी कपाटातून मुलाची इलॅस्टिकवाली ट्रॅकपँट काढली. निळी, बाजूला दोन पांढऱ्या पट्ट्या. ‘हाड जुळासर हीच घालूची. गावात लाज काढल्यात ती पुरे.’

दुसऱ्या दिवशी भाऊ त्या पँटीत बाजारात आले. ट्रॅकपँट घातलेला माणूस रस्त्यावर दिसला की लोकांना एकच सुचतं. पहिल्या दुकानातून हाक आली, ‘काय भाऊ, जॉगिंगाक?’

खरं सांगायला लुंगीची कथा सांगावी लागली असती. भाऊ थांबले, छाती थोडी पुढे काढली आणि म्हणाले, ‘होय तर! हात मोडलो म्हणान काय पाय मोडले?’

हे वाक्य इतकं चांगलं निघालं की पुढे ते टिकवून धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भाऊंचा पुढचा सगळा व्यायाम ह्या एका वाक्याचं व्याज फेडण्यात गेला.

मुलाला कळलं, त्याला बरं वाटलं. त्यानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि दिवसाला दहा हजार पावलं हा हुकूम पाठवला. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकानं काढलेला नव्हे बरं का. १९६५ साली जपानात एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि जाहिरातीचं नाव जगाचं पथ्य होऊन बसलं. मी हे भाऊंना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘जपानी लोक उगीच काय सांगतले नाय.’

घड्याळ डाव्या मनगटावर आलं आणि भाऊंना लौकरच त्याचं वर्म सापडलं. ते पाय मोजत नाही, हाताचे झोके मोजतं. शुक नदीला पूर आला आणि बाजारात पाणी शिरलं त्या दिवशी सगळे व्यापारी खालचा माल माळ्यावर चढवण्यात गुंतले होते. आमच्याकडे हे दर पावसाळ्यात एखाद-दोनदा व्हायचंच. भाऊ एका ओट्यावर उभे राहून डाव्या हातानं ‘ती गोणी हय, ती थय’ असं दाखवत होते. पाणी उतरल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. जागचे न हलता चार हजार एकशे पावलं. त्या रात्री त्यांनी मुलाला आकडा कळवला आणि मुलानं उलट अंगठा पाठवला.

आठवड्यातून एकदा कणकवलीला फिजिओथेरपीच्या बाईंकडे जायचं असे. पोरगी पंचवीस-सव्विशीची, पण तिच्यापुढे भाऊ नरम. तिनं सांगितलं ते तसं अगदी थोडं होतं. हात काळजाच्या वर ठेवा म्हणजे सूज उतरेल. प्लास्टरात काडी घालून खाजवू नका. खांदा आणि कोपर दिवसातून चार वेळा पुरतं हलवा, नाहीतर मनगट जुळेल आणि खांदा आखडेल. चाला, पण ओल्यात नको, दुसरा हात मोडून आलात तर मी बघणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर तासाला बोटं. मूठ मिटा, उघडा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा, दहा वेळा. प्लास्टर बोटांच्या मुळाशी संपतं ते ह्याचसाठी.

एक गंमत म्हणून तिनं आणखी एक सांगितलं. डावा हात घट्ट ठेवा, त्याचा उजव्यालाही फायदा होतो. १८९४ साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एका हाताला दाब देण्याचा सराव करवला, तेव्हा ज्या हातानं काहीच केलं नव्हतं त्याचीही ताकद वाढलेली दिसली. सराव स्नायूंइतकाच मेंदूलाही होतो, आणि मेंदू दोन्ही हातांना एकच.

ह्या सगळ्यातून भाऊंनी काय घेतलं? शेवटचं. जे गंमत म्हणून सांगितलं ते.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताची तालीम सुरू झाली. बाजारच्या पिशवीत दोन असोले नारळ घालून ते पडवीत वर-खाली करायचे, मोठ्यानं मोजत. मोजणं रस्त्यापर्यंत ऐकू येई, तशीच सोय होती. रस्त्यानं कोणी जाताना दिसला की अठ्ठावीसनंतर एकदम त्रेचाळीस येत. पडवीचा खांब धरून बैठका झाल्या. एकदा सूर्यनमस्कारही झाला, एका हाताचा. औंधाच्या राजेसाहेबांनी उभी हयात सूर्यनमस्काराच्या प्रचारात घातली, पण भाऊंचा तो प्रकार बघितला असता तर त्यांनी प्रचारच मागे घेतला असता. खाडीच्या चिखलात एक नांगा तुटलेली कुर्ली चालते ना, तसं काहीतरी ते दिसत होतं. बाईंना कळल्यावर त्यांनी मनगटावर भार येईल असं काहीही करायला बंदी घातली.

मग मुलानं एक व्हिडिओ पाठवला. सचिन खिलारी, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. शाळकरी वयातल्या अपघातानं डावा हात कायमचा अधू झालेला, आणि ४ सप्टेंबर २०२४ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक. बघताना माझ्याही अंगावर काटा आला. भाऊंनी तो तीनदा बघितला, झोळीतल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘त्येचो डावो, माझो उजवो. फरक तो काय?’

फरक नंतर माझ्या मांगरावर पडला. असोला नारळ मानेशी धरून भाऊंनी खळ्यात गिरकी घेतली. पण जन्मभर उजव्यानं जेवलेल्या माणसाच्या डाव्या हाताला सोडायची वेळ कळत नाही. नारळ पुढे जायचा तो मागे गेला आणि माझ्या मांगराची दोन मंगलोरी कौलं घेऊन आत उतरला. मी बाहेर आलो तेव्हा भाऊ पावलं टाकत अंतर मोजत होते. मला बघून म्हणाले, ‘कौलांचा बघूया नंतर. आधी टेप हाड.’

इकडे आहाराचं दुसरंच प्रकरण. मुलाचा आग्रह प्रोटीनच्या डब्याचा. डबा आला, त्यावर एका दंडाचं चित्र होतं, भाऊंनी तो पडवीत दर्शनी ठेवला. वयनींनी त्याचं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. त्यांनी आपली रोज एका वेळेला कुळथाची पिठी आणि सकाळी नाचणीची आंबील चालू ठेवली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि शंभर ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यांनी पिठी ढवळायची थांबवली नसती. बघायला येणारा प्रत्येक जण काही ना काही घेऊन येई. कोणी कांडवेल आणली, कोणी हाडवैद्याचा पत्ता, कोणी नुसताच आपल्या मेव्हण्याचा मोडलेला हात तोंडी आणला. भाऊ सगळ्यांना आधी फोटो दाखवायचे. तो एका जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत असे आणि खिडकीच्या उजेडात तो धरायचं काम माझं.

आणि बोटं? बोटांचं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांची चहाची वेळ होती.

‘ह्येका व्यायाम म्हणतत?’ भाऊ म्हणाले. ‘मूठ मिटायची नि उघडायची. ता पाळण्यातला पोर पण करता.’

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मूठ मिटताना कोणी बघत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसत नाही, घड्याळाला मोजता येत नाही, मुलगा तिच्यासाठी अंगठा पाठवत नाही. घाम नाही, आवाज नाही, ट्रॅकपँटीचाही काही उपयोग नाही. दिवसातून बारा वेळा, एकट्यानं, भिंतीकडे बघत करायची गोष्ट ती. मी तरी कुठं केली असती? माझ्या पाठीसाठी दिलेले तीन व्यायाम फ्रिजवर चुंबकाखाली पाच वर्षं लटकलेत.

श्रावण सरत आला आणि प्लास्टर कापलं. भाऊ त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते, जणू दोन हातांनी परतायचं म्हणून. करवतीची घरघर थांबली, प्लास्टरचे दोन पालथे अर्धुके बाजूला झाले आणि आतून जो हात निघाला त्याच्याकडे भाऊ बराच वेळ बघत राहिले. रोडका, पांढरट, कातडीचे पापुद्रे सुटलेला, केस मात्र नको तेवढे वाढलेले.

‘ह्यो हात माझो न्हय,’ ते म्हणाले.

बाईंनी मूठ मिटायला सांगितली. बोटं निघाली, अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि तिथं बसली. तळहात आणि बोटांची टोकं ह्यांच्यामध्ये एक लिंबू सहज मावलं असतं. बाई रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, ‘किती वेळा करत होता दिवसाला?’ भाऊंनी उत्तर दिलं नाही. घड्याळात ते उत्तर नव्हतं.

पुढचे दोन दिवस आमच्या आळीत मोजण्याचा आवाज नव्हता. शर्टाचं बटण लागेना. भात कालवायला घेतला तर घास बोटांतून सुटून ताटात पडे, मग मुकाट्यानं चमचा. आणि त्यातच चतुर्थी आली. गणपतीवरची माटवी बांधणं हे त्या घरात भाऊंचं काम. कवंडाळ, कांगणे, आंब्याचे टाळे, सुपाऱ्यांचे घोस, प्रत्येकाला वाखाची गाठ आणि ती गाठ अशी की विसर्जनापर्यंत सुटता नये. यंदा भाऊ खाली उभे राहिले आणि मुलगा वर चढून गाठी मारत होता. डोंबिवलीच्या गाठी त्या. एक काकडी माझ्या देखत पडली. भाऊ काही बोलले नाहीत, एवढ्यावरून काय ते समजा.

चतुर्थीच्या सकाळी मी फुलं द्यायला गेलो तर भाऊ स्वयंपाकघरात पाटावर. समोर परात, परातीत तांदळाच्या पिठाची उकड, वाफ निघतेय. वयनी तेल-पाण्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवत होत्या.

‘मळा.’

‘मी?’

‘मग कोण? थंड होण्याच्या आधी.’

भाऊंनी उजवा हात उकडीवर ठेवला, चटका बसला, उचलला, परत ठेवला. वयनी खोबऱ्याचं चून ढवळत त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. ‘तळव्यान दाबा. बोटां आत घाला. अशी न्हय, आंगठ्यान.’ मुंबईत असल्या हातांसाठी रंगीत रबरी पीठ विकत मिळतं, मळायला. मी ते बघितलेलं आहे. पण त्यातून वाफ येत नाही.

‘माझो हात मोडललो तेव्हा,’ वयनी म्हणाल्या, ‘प्लास्टर सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासना भाकऱ्यो थापीत होतंय.’

परातीतला हात थांबला. ‘तुझो हात कधी मोडललो?’

‘थोरलो बारावीक होतो त्या वर्षी.’

‘माका कसा आठवत नाय?’

‘मी फोटो कोणाक दाखवलंय नाय ना.’

मी फुलं ठेवून निघायच्या बेतात होतो, पण असल्या वेळी कोण निघतो. भाऊंनी खाली मान घालून मळायला घेतलं ते उकड लोण्यासारखी होईपर्यंत. मग पाऱ्या. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत कड धरायची, ओढायची, पुढं सरकायचं. मोदकाची कळी पाडणं म्हणजे बाईंनी सांगितलेलं ते अंगठा बोटांना लावणंच, फक्त मध्ये पीठ. पहिल्या मोदकाला चार कळ्या पडल्या आणि तो मोदकापेक्षा गाठोडं जास्त दिसत होता. वयनींनी तो उचलला, चौफेर फिरवून बघितला आणि काही न बोलता चाळणीत बाकीच्यांच्या मधोमध ठेवला. सहाव्या मोदकाला भाऊंच्या सात कळ्या झाल्या. घाम कपाळावरून नाकावर आला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारी नैवेद्य झाल्यावर माझ्या पानात नेमका तो गाठोड्यासारखा मोदक आला. चवीला काही कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. सकाळी दारात भाऊ हजर. ट्रॅकपँट होती. घड्याळ होतं, पण आज ते उजव्या मनगटावर होतं, त्या रोडक्या हातावर शेवटच्या भोकात बसवलेलं.

‘काल गपचूप ह्या हातात घातलंय. उरलेली उकड मळलंय,’ ते हळूच म्हणाले. ‘सातशे बारा पावलां! बसल्या जाग्यार!’

मी म्हटलं, ‘भाऊ, मूठ मिटता काय आता?’

त्यांनी मूठ मिटून दाखवली. लिंबाच्या जागी आवळा मावला असता. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, ‘तुमच्याकडे उकड मळूची रवली आसा काय?’